सरळ मानेचे फोटो

चादरीवरच्या नक्षीचे काम मी शिकू लागलो तेव्हा मला सदतिसावे वर्ष लागले होते. सोलापुरात त्या वयाची माणसे हे काम इतरांना शिकवीत असतात. मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो होतो आणि अकरा वर्षे एका शाळेत शिकवीत होतो. परंतु साठ मुलांसमोर उभा राहिलो की माझा आवाज खाली जाई, आणि दर वर्षी तो थोडा अधिक खाली जाऊ लागला. अखेर तो मागच्या बाकांपर्यंत पोहोचेनासा झाला तेव्हा मी राजीनामा दिला. घरी प्रकृतीचे कारण सांगितले. पत्नीने ते मानल्यासारखे केले आणि आपल्या भावाच्या ओळखीने मला एका चादरीच्या कारखान्यात, नक्षीच्या खोलीत बसवले. तिथे एकाच माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलावे लागे, आणि तेवढे मला जमत असे.

काम असे होते. बारीक चौकटींच्या कागदावर आधी नक्षी रंगवायची. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे मागाच्या माथ्यावर बसणाऱ्या जेकार्ड यंत्राचा एक पुठ्ठा. मी ओळ वाचायची, ‘चार सोड, दोन मार, सात सोड’, आणि समोर पंचिंगच्या यंत्रावर बसलेल्याने त्याप्रमाणे पुठ्ठ्याला भोके पाडायची. असे शेकडो पुठ्ठे दोरीत ओवून मागावर चढवले की माग ती नक्षी विणू लागतो. एखादी ओळ दोनदा वाचली गेली किंवा गळाली, तर ती चूक पुठ्ठ्यात गुपचूप बसून राहते आणि दिसते ती थेट कापडावर.

खोलीचे प्रमुख तेलुगू घरातले, साठी उलटलेले एक वस्ताद होते. मी पूर्वी शिक्षक होतो हे कळल्यापासून ते मला ‘मास्तर’ म्हणत, आणि त्या हाकेत थट्टा किती व आदर किती हे मला कधीच ठरवता आले नाही. त्यांचा एक नियम होता. कागदावर वाकलो की माझी मान डाव्या खांद्याकडे झुके. ते लाकडी पट्टी माझ्या गालाला लावून ती सरळ करीत.

“मान सरळ, मास्तर. मान तिरकी तर ओळ तिरकी. नवशिक्याची पयली खोड हीच की.”

सदतिसाव्या वर्षी नवशिका असणाऱ्याने वाद घालू नये असे मला वाटे. मी मान सरळ ठेवून काम करू लागलो. संध्याकाळी कपाळ ठणके, डोळ्यांमागे ओढ लागे; नव्या कामाचा शीण समजून मी ते सोडून दिले.

त्या श्रावणात मला ताप आला आणि तो पंधरा दिवस राहिला. उठलो तेव्हा अंगात त्राण नव्हते, तरी कामावर गेलो. कागद पुढे घेतला, मान सरळ केली आणि खाली पाहिले. ओळीच्या खाली तीच ओळ पुन्हा होती. फिकट, किंचित तिरकी, पण तीच. मी डोळे चोळले. समोरचा यंत्रावर हात ठेवून वाट पाहत होता. मी वाचू लागलो.

चार दिवसांनी त्या पुठ्ठ्यांवरची पहिली चादर मागावरून उतरली. काठाला वेल होती. तिचा देठ तीन ठिकाणी तुटून एकेक घर वर सरकला होता. वस्तादांनी चादर उजेडात धरली.

“एमैंदी मास्तर, काय झालं हे? वेल जिना चढायली की!”

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसल्यास कारण सांगावे लागले असते. आणि ते सांगायची मला भीती वाटत होती.

माझ्या भीतीचे मूळ आधीच्या नोकरीत होते. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत गंमत म्हणून सांगू लागले की त्यांना भिंतीवर दोन फळे दिसतात. आम्ही त्यांना म्हटले, बरे आहे, जागा वाढली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते शाळेत आले नाहीत. डोक्यात गाठ निघाली होती. संक्रांतीच्या आत ते गेले. त्यांचे ते सांगणे मला शब्दशः आठवत होते, आणि आता माझ्याजवळ दोन ओळी होत्या.

मी कोणालाही काही बोललो नाही. एक डोळा झाकला की दुसरी ओळ नाहीशी होते, हे मला कळले होते. जिना उतरताना पायऱ्या दुप्पट होत आणि खरी कोणती हे पायालाच शोधावे लागे. मी कठड्याला धरून म्हाताऱ्यासारखा उतरू लागलो. घरी एकदा बशीत चहा ओतायला गेलो आणि तो सगळा सतरंजीवर गेला.

“अहो, बशी इकडे आहे,” पत्नी म्हणाली. “लक्ष कुठे आहे?”

“तापाचा अशक्तपणा,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मी नजर वळवली. त्या वेळी मी बोललो असतो तर पुढचे बरेचसे टळले असते. परंतु गाठ हा शब्द घरात एकदा उच्चारला की ती खरी होईल, अशी माझी समजूत झाली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी एकटाच, कामावर जातो असे सांगून गेलो. त्या पन्नाशीच्या बाई होत्या. बोलणे तुटक, हात मात्र फार हलके. त्यांनी रक्तदाब पाहिला, लघवीतली साखर तपासली. दोन्ही ठीक निघाले आणि मी अधिकच घाबरलो, कारण साधी कारणे एकेक करून संपत होती. मग त्यांनी माझ्या एका डोळ्यापुढे लाल काच धरली आणि समोर विजेरी हलवू लागल्या. कोणत्या बाजूला पाहिले की लाल आणि पांढरा दिवा एकमेकांपासून जास्त दूर जातात, ते मी सांगायचे होते. डावीकडे पाहताना ते दूर जात. डावीकडे आणि खाली पाहताना तर फारच.

“आता नजर समोर,” असे म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी माझे डोके धरून डाव्या खांद्याकडे झुकवले. दोन्ही दिवे एकमेकांजवळ आले आणि एक झाले. कित्येक दिवसांनी मला जगात एक वस्तू एकच दिसली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तोच त्यांनी डोके उजव्या खांद्याकडे झुकवले, आणि दोन्ही दिवे एकमेकांपासून असे पळाले की मी ओरडलो.

“ओरडू नका,” बाई म्हणाल्या. “मला हवं होतं तेच झालं.”

खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. “काम काय करता?”

मी सांगितले.

“मग तुम्हाला कळेल. डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात. त्यांतला एक दोरीसारखा लांब असतो आणि एका कप्पीवरून वळून डोळ्याच्या माथ्यावर बांधलेला असतो. तो डोळा खाली ओढतो, थोडा आत फिरवतो. तुमची उजव्या डोळ्याची ती दोरी दुबळी आहे. म्हणून तो डोळा वर राहतो, आणि त्याला दिसणारी वस्तू खाली पडते. मान डावीकडे झुकवली की त्या दोरीवरचं काम कमी होतं.”

“ती कशाने दुबळी झाली?”

“तोच प्रश्न आहे. जन्मापासून असेल तर घाबरायचं काही नाही. लहानपणापासून तुम्ही मान झुकवून निभावत आला असाल, आणि तापानं जोर गेल्यावर ते उघड्यावर आलं. पण अलीकडचं असेल, तर ती दोरी हलवणाऱ्या नसेला काय झालं ते शोधावं लागेल. ते इथे होणार नाही. मुंबईला चिठ्ठी देईन.”

“तिथे डोके उघडतात का?”

“कधी कधी,” त्या म्हणाल्या. “मान कधीपासून झुकते तुमची?”

मला ठाऊक नव्हते. माणूस स्वतःची मान पाहत नाही. वस्तादांनी दाखवली ती काही महिन्यांपूर्वी, आणि तेवढेच मी सांगितले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“जुने फोटो आणा. जितके लहानपणीचे तितके चांगले. आठ दिवसांत.”

घरात तीन फोटो होते: पदवी घेतली तेव्हाचा, लग्नाचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा. पत्नी बाजारात गेली असता मी ते जमिनीवर मांडले, एक डोळा झाकला आणि फूटपट्टी घेऊन दोन्ही डोळ्यांची रेघ मोजली. तिन्ही फोटोंत मान सरळ होती. ओळंबा लावून उभारलेल्या भिंतीसारखी सरळ. पदवीच्या फोटोतला तो तरुण काळ्या झग्यात माझ्याकडे थेट पाहत होता. लग्नापर्यंत मी निरोगी होतो, याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने मांडला होता. दुखणे नवे होते. संक्रांतीच्या आत गेलेल्या चित्रकलेच्या शिक्षकांचा त्या वर्षीचा श्रावण कसा गेला असेल याचा मी हिशेब करू लागलो आणि पट्टी ठेवून भिंतीला टेकून बसलो.

फोटो नेऊन दाखवले. बाईंनी ते भिंगाखाली पाहिले आणि परत केले.

“हे फोटोवाल्यानं बसवून काढलेले. समोर बसवलं की फोटोवाला मुडद्याचीसुद्धा मान सरळ करतो. घरगुती काही नाही?”

“माझ्या लहानपणी घरी फोटो कोण काढणार?”

“आईवडील?”

“आई आहे. बार्शीला.”

“मग विचारा तिला. आईला माहीत असतं.”

दुसऱ्या दिवशी मी एस. टी.ने बार्शीला गेलो. वैरागच्या अलीकडे गाडी उतारावरून वळली तेव्हा रस्त्याखाली दुसरा रस्ता सरकत होता. मी डोळे मिटून घेतले. आई थोरल्या भावाकडे राहत असे. भाऊ धान्याच्या आडतीवर गेला होता. आई ओसरीवर गहू निवडत होती. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि हात सुपात तसाच ठेवून तिने मला पाहिले.

“आज कसा काय? सुट्टी हाय व्हय?”

मी तिच्याजवळ बसलो, पाणी प्यायलो, भावाच्या मुलांची चौकशी केली. माझ्यासारख्या माणसाला मुद्द्यावर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. मग विचारले, “आई, लहानपणी माझी मान वाकडी होती का?”

सूप थांबले.

“कोन म्हनलं? तिनं म्हनलं?” तिचा रोख माझ्या पत्नीवर होता.

“तिने नाही. मीच विचारतोय.”

“तुजी मान सरळ हाय. पयल्यापासनं सरळ. माज्या एकाबी लेकरात खोट न्हाय.”

असे अभिमानाने सांगून ती पुन्हा गहू पाखडू लागली. डॉक्टरांना जी एक साक्ष हवी होती ती मिळाली होती, आणि ती माझ्या विरुद्ध होती. आता मुंबई, आता डोके. पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि त्या विचारातही मी खाली पाहत असल्याने आईचे सूप दोन होते, वरचे आणि खालचे, आणि दोन्हींतून गहू उडत होते.

“आई,” मी म्हणालो. हा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असता. “मान पहिल्यापासून सरळ असेल तर माझ्या डोक्यात गाठ असू शकते. वाकडी असेल तर मी वाचतो.”

तो शब्द मी प्रथमच उच्चारला होता. आईने सूप खाली ठेवले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी खरे बोलतो आहे की तिला बोलते करण्यासाठी काही रचतो आहे, हे ती पाहत होती. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. बराच वेळ काही काढण्याठेवण्याचा आवाज येत होता. ती आली तेव्हा तिच्या हातात वडिलांच्या जुन्या उपरण्याची घडी होती.

घडीत एक फोटो होता. आमच्या जुन्या दुकानासमोर वडील बसले आहेत, पाठीमागे पोत्यांची थप्पी, दाराला झेंडूचे तोरण. कोणा गिऱ्हाइकाने दिवाळीत हौसेने काढलेला असावा. वडिलांच्या मांडीवर मी. चार-पाच वर्षांचा. वडील सरळ, पोती सरळ, तोरण सरळ, आणि माझी मान डाव्या खांद्यावर अशी पडली होती की जणू कानाने कोणाचे गुपित ऐकत आहे.

“तीन ठिकानी नकार आला तुला,” आई माझ्याकडे न पाहता म्हणाली. “पोराच्या मानंत खोट हाय म्हनून. तेल लावलं, शेक दिला, वैद्य केला. चवथ्याला फोटू पाठवायचा व्हता तवा फोटूवाल्याला म्हनलं, बाबा, धरून ठेव. त्यानं मागनं लोखंडाचा दांडाच लावला. घरातलं वाकड्या मानंचं समदं फोटू मी चुलीत घातलं. ह्यो तेवडा ऱ्हायला. ह्यात तुजं वडील हायत.”

माझ्या हातातल्या फोटोत मुले दोन होती. मी मान डावीकडे झुकवली. ती एक झाली. मांडीवरचा मुलगा आणि मी एकाच बाजूला कलून एकमेकांकडे पाहत होतो.

“तिला दावू नगंस,” आई म्हणाली. “बारा वर्सं झाली, मी फसिवलं म्हनंल. आन् परत आन. त्यांचा येवडाच हाय.”

पण घरी गेल्यावर पत्नीनेच माझ्या पिशवीतून ते उपरणे काढले. मला सगळे सांगावे लागले: दोन ओळी, दिवे, चित्रकलेचे शिक्षक, मुंबई. ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने फोटो हातात घेतला आणि तिला हसू आले, रडूही आले.

“हे शोधायला बार्शीला गेलात? मला विचारायचं होतं. तुम्ही बघायला आलात तेव्हा बैठकीत मान अशीच होती तुमची, पोहे संपेपर्यंत. मी आईला म्हटलं, मुलगा लाजतोय. आई म्हणाली, लाजणारा नवरा मारकुटा नसतो, करून टाक.”

“आणि तुमच्या घरी पाठवलेला फोटो?”

“त्यात तुम्ही फौजदार दिसत होतात. मी घाबरले होते.”

पण मी तिला विचारले नव्हते. बारा वर्षे रोज माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला सोडून मी फूटपट्टीला विचारले होते. ही चूक वेलीच्या चुकीपेक्षा मोठी होती असे मला अजून वाटते.

या वेळी डॉक्टरांकडे आम्ही दोघे गेलो. बाईंनी फोटो भिंगाखाली धरून पाहिला. मग त्यांनी तिरप्या काचांची एक लांब पट्टी काढली, माझ्या डोळ्यापुढे एकेक जाड काच सरकवत ‘एक की दोन?’ विचारत गेल्या. एकदा दोन्ही जुळल्यावर बऱ्याच जाड काचेपर्यंत मी ‘एक’ म्हणत राहिलो.

“ज्याला हे कालपरवा झालं, त्याचे डोळे एवढा फरक जुळवू शकत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या डोळ्यांना जन्माची सवय आहे. फोटोही तेच सांगतो. चिठ्ठी देत नाही. पण डोकं फार दुखू लागलं, उलट्या झाल्या किंवा पापणी पडली, तर त्याच दिवशी या. न लाजता.”

पत्नी म्हणाली, “मी आणते त्यांना.”

बाईंनी फोटो केसच्या कागदांना लावून ठेवायला मागितला. मी नाही म्हणालो. आईला परत द्यायचा आहे, असे सांगितले, आणि ते एवढ्या स्पष्टपणे बोलल्याचे मला दारापाशी आल्यावर लक्षात आले.

उपचार साधा होता. चष्म्यात तिरपी काच बसवायची, म्हणजे खाली पडणारी वस्तू उचलून वरच्या वस्तूवर ठेवली जाते. काच पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. तोवर बाजारातून साध्या काचांचा चष्मा घेऊन त्याच्या उजव्या काचेला कागद चिकटवून मी कामावर जात होतो. तिरप्या काचेने भागले नाही तर शस्त्रक्रिया, असे बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या तीन आठवड्यांत मी तो शब्दही रोज मोजला. नवा चष्मा घालून कागदावर पाहिले तेव्हा ओळ एकच होती. मी ती शेवटपर्यंत वाचली, मग पुढची. दुपारपर्यंत विश्वास बसेना. मधूनच चष्मा वर करून दुसरी ओळ अजून तिथे आहे का ते पाहत होतो. ती होती. काचेपलीकडे ती नेहमीच असणार होती.

वस्तादांनी सवयीने पट्टी उचलली.

“मान, मास्तर.”

“ती अशीच राहू द्या,” मी म्हणालो. “जन्माची आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे.”

त्यांनी पट्टी माझ्या कानाजवळ धरून थोडा विचार केला. मग माझ्यापुढचा कागदच डाव्या बाजूला थोडा फिरवून दिला, माझ्या मानेला जुळेल असा. “जलमाचं हाय तर आदी सांगायचं की,” ते म्हणाले, आणि यंत्राकडे वळून ओरडले, “घ्या रे, मास्तरची वेल जिना उतरली!”

दसऱ्याला मी पत्नीसह बार्शीला गेलो. उपरण्याची घडी तिच्याच हातात होती. आईने ती पाहिली आणि पदर तोंडाला लावून आत वळली. पत्नी तिच्यामागे गेली. आत काय बोलणे झाले ते दोघींनीही मला कधी सांगितले नाही. जेवताना पाहिले तर देवळीच्या शेजारी भिंतीत नवा खिळा मारलेला होता आणि त्यावर तो फोटो टांगला होता.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. डॉक्टरांचे बोलणे खरे ठरले, गाठ नव्हती. तरी रोज सकाळी जाग आली की मी चष्म्याआधी खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीकडे पाहतो. बहुतेक दिवशी ती एकच असते. एखाद्या दिवशी तिच्याखाली दुसरी फिकट पट्टी उगवते. मग मी मान डाव्या खांद्याकडे झुकवतो, आणि दोन्ही एक होईपर्यंत श्वास रोखून पडून राहतो.